आधी नरावर हात बसवा

राणीमाशीला पोटाला धरायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा. त्या पोटात तिची अंडी असतात, आणि ते इतकं नाजूक असतं की आपल्या बोटाला कळायच्या आत तिचं काम तमाम होतं. धरायचं ते पंखांना, नाहीतर पंख जिथून फुटतात त्या पाठीच्या टणक भागाला. अंगठा आणि पहिलं बोट, बस्स. जोर किती लावायचा म्हणाल तर न लावल्यासारखा. हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलंय की घरात पोपट असता तर आज त्याने शिकवणी घेतली असती. पोपट नाही, नवरा आहे. त्यांनाही पाठ झालंय.

सिल्वासात आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्याची मंडळी घरी आली आणि म्हणाली, ताई, मधाच्या औषधी गुणांवर लिहा. मी म्हटलं, ते मध विकणाऱ्यांना विचारा, ते सर्दीपासून संसारापर्यंत सगळ्यावर मध सांगतात. माझा धंदा वेगळा आहे. मी राण्या तयार करते, पकडते, पिंजऱ्यात घालते आणि ज्याच्या पेटीतली राणी मेली किंवा म्हातारी झाली त्याला नेऊन देते. राखोलीच्या रस्त्याला आमचं घर आहे, मागे शेवग्याचं झाड, झाडाखाली पेट्या. आजूबाजूला कंपन्यांच्या भिंती आहेत, पण मधमाश्यांना भिंतीचं काय, त्या वरून जातात आणि दमणगंगेच्या काठापर्यंत फिरून येतात. कॉलनीतल्या बायका मला राणीवाल्या ताई म्हणतात, गुजराती शेजारी राणीबेन म्हणतात. माहेरचं नाव गेलं, सासरचंही गेलं, माश्यांचं लागलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा थरथरतो. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, गोळी घ्या आणि टेन्शन घेऊ नका. भाकरी थापताना काही होत नाही, भांडी घासताना काही होत नाही. पण राणी धरायची म्हणजे सगळा खेळ त्या अंगठ्याचा. तिचा एक पाय जरी दुखावला तरी ती लंगडते, आणि लंगडी राणी पोळ्यातल्या माश्यांना चालत नाही, त्या तिला काढून टाकायच्या मागे लागतात. माझा अंगठा हलला की कुणाच्या तरी पेटीचं घर बसलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, घरातही नाही. शिकायला कुणी आलं की म्हणायची, आज तुम्ही धरा, मी बघते. त्यांना वाटायचं, ताई किती मोठ्या मनाच्या.

ज्यांनी मधपेटी कधी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे पेटीत पाळतात ती सातेरी माशी. एका पेटीत राणी एकच. अंडी घालायची ती तिने, बाकी सगळं कामकरी माश्यांनी. राणी गेली की पेटीचा आवाजच बदलतो. नेहमीची गुणगुण जाऊन एक कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि तो एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. मग तिथे दुसरी राणी द्यावी लागते. पण परकी राणी थेट आत सोडली तर तिच्या अंगाच्या वासावरून ती परकी आहे हे लगेच कळतं. माश्या तिच्याभोवती जमतात, लिंबाएवढा गच्च गोळा होतो, आणि त्या गोळ्यात ती गुदमरून मरते.

म्हणून पिंजरा. बांबूचं बोटभर नळकांडं, एका बाजूला बारीक जाळी, तोंडाला पिठीसाखर आणि मध मळून केलेलं बूच. आत राणी आणि तिच्या दिमतीला तिच्याच पेटीतल्या पाच-सहा तरण्या कामकरी माश्या, कारण राणीबाई स्वतःच्या हाताने जेवत नाहीत. हा पिंजरा पेटीत, ज्यांवर पोळं बांधलेलं असतं त्या दोन लाकडी चौकटींच्या मध्ये अडकवायचा. नव्या घरच्या माश्या तिला जाळीतून हुंगतात, चाटतात आणि बाहेरून ते बूच कुरतडत बसतात. बूच संपायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर तिच्या अंगाला त्या घराचा वास लागलेला असतो. मग ती आपल्या पायांनी बाहेर येते आणि कुणी काही बोलत नाही. इथे प्रत्येक माणूस सासू-सुनेचा विनोद करतो. मी पहिल्याच दिवशी सांगते, तो विनोद मला येतो, तुम्ही चहा घ्या.

माझ्या बोटांना वळण लागलं ते राखोलीच्या धाग्याच्या कंपनीत. केसाहून बारीक धागा तुटला की त्याचं टोक हुडकायचं आणि गाठ अशी मारायची की सुपरवायझरने बोट फिरवलं तरी सापडू नये. मधमाशीपालनाच्या शिबिरात गेले ते, खरं सांगायचं तर, भरपगारी रजा मिळत होती म्हणून. तिथे शिकवणारे साहेब म्हणाले, राणीला हात लावायच्या आधी नरावर हात बसवा. नराला नांगी नसते. तो जाड असतो, आळशी असतो, दिवसभर नुसता खातो, आणि तुमच्या हातून काही बरंवाईट झालं तरी पेटीचं काही अडत नाही. घरी येऊन मी हे जसंच्या तसं आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमचे हे शेजारच्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. आम्ही दोघंही नंदुरबारकडचे. चालू लाईनवर काम करणारा माणूस, पण मधमाशीला घाबरतात. घाबरतात म्हणजे किती, तर मागे कपडे वाळत घालायला जायचं झालं की मोटरसायकलचं हेल्मेट घालून जातात, काच खाली ओढून. शेजारच्या बेन पहिल्यांदा बघून विचारायला आल्या की भाई गाडी न घेता कुठे निघाले. राणी माणसाला नांगी मारत नाही, तिची नांगी दुसऱ्या राणीसाठी असते, हे मी त्यांना हजारदा सांगितलं. त्यांचं एकच, "हे तिला माहीत आहे का?"

पण माणूस कामाचा. पिंजरे सगळे त्यांच्या हातचे. बांबू कापायचा, तापलेल्या तारेने भोक पाडायचं, जाळी ताणून बसवायची, आत एक काटा राहू द्यायचा नाही. साखरेचं बूचही तेच मळतात. सैल झालं तर आतल्या माश्या त्याला चिकटून मरतात, घट्ट झालं तर कुरतडता येत नाही. हे सगळं काम स्वयंपाकघरातल्या जाळीच्या खिडकीमागे बसून. मी मागे चौकट हातात घेऊन उभी राहिले की खिडकीतून सुरू होतात, "डावीकडं गेली वं. खाली. आता चौकटीच्या पलीकडं." राणी माझ्याआधी त्यांना दिसते. हे मी त्यांच्या तोंडावर अजून कबूल केलेलं नाही, आता अंकात वाचतील.

गिऱ्हाईक म्हणाल तर एकेक नमुना. खानवेलचा लहानू. शेती करतो, जंगलाच्या कडेला त्याच्या पेट्या आहेत. त्याला पहिली राणी दिली, पिंजरा कसा अडकवायचा ते दोनदा समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गडी मेलेली राणी पानात गुंडाळून दारात हजर. मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, "बाई, तिला कोंडून कशाला ठेवायची? काय गुन्हा केला तिनं? मी सोडली." आता या माणसाच्या बकऱ्यासुद्धा कधी बांधलेल्या नसतात, बस स्टँडवर लोकांचे डबे हुंगत फिरतात. त्याला मी पिंजरा द्यायला गेले ही माझीच चूक. पण दुसऱ्या राणीच्या वेळी तो असा सुधारला की पेटीपासून हात लांब ठेवण्यासाठी मेहुण्याकडे राहायला गेला.

खानवेलला राणी पाठवायची तर बसने. ओळखीचे एक ड्रायव्हर आहेत, त्यांच्या हाती पिंजरा देते. एकदा थंडीत त्यांनी पिंजरा ठेवला इंजिनाच्या पत्र्यावर. बूच वितळलं, आतल्या सगळ्या माश्या पाकात बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर राणीही गेली. मी जाब विचारला तर म्हणाले, "बेन, एने ठंडी लागती हती." तिला थंडी वाजत होती म्हणे. तिने सांगितलं का तुम्हाला, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, पण माणसाचे डोळे पाणावलेले बघून गप्प बसले. तेव्हापासून ते पिंजरा शर्टाच्या डाव्या खिशात ठेवतात आणि स्टॉप आला की वरून हात धरून उतरतात. नवीन प्रवाशांना वाटतं ड्रायव्हरच्या छातीत दुखतंय, आणि बसमध्ये एकदम शांतता पसरते.

आता परब बाईंकडे येते. परब बाई सिंधुदुर्गच्या, इथल्या मराठी शाळेत शिक्षिका. म्हातारी आई होती सोबत, ती गेली, मग क्वार्टरमध्ये त्या एकट्या. मागच्या अंगणात माझ्याकडूनच नेलेली एक पेटी. रोज सकाळी पेटीशेजारी खुर्ची टाकून चहा घ्यायचा आणि शाळेतलं सगळं माश्यांना सांगायचं, अशी त्यांची रीत. वर्गातली पोरं घंटा झाली की पळतात, या माश्या आपणहून परत येतात, म्हणून बाईंचा त्यांच्यावर फार जीव. यंदा होळीच्या आधी त्या पेटीतली राणी नाहीशी झाली. मी एक राणी पिंजऱ्यात घालून दिली. ती धरताना अंगठा हलला होता, पण कशीबशी निभावली.

दोनच दिवसांत फोन. "ताई, तुमची राणी गेली हो."

मी जाऊन बघते तर पेटीच्या तळाशी राणी मरून पडलेली आणि पिंजऱ्याचं तोंड सताड उघडं. बूच एवढ्यात संपायला नको होतं. इकडे तिकडे बघितलं तर ते ओट्यावर वाटीत, जसंच्या तसं.

"बाई, हे इथे कसं?"

"अहो, ते शिळं दिसत होतं. पहिल्यांदा घरात येणाऱ्या बाईला शिळं काय द्यायचं? मी ते काढून मलई पेढा भरला."

"ओवाळलंही असेल."

"ओवाळलं ना. कुंकू थोडं जाळीवर सांडलं, पण ते पुसलं लगेच."

मी तिथेच पायरीवर बसले. हसू की रडू ते कळेना. मऊ पेढा तो, संध्याकाळपर्यंत फस्त, राणी बाहेर, आणि अंगाला कुंकवाचा नि तुपाचा वास. त्या माश्यांनी तरी काय करावं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की मला माझंच बोलणं नको झालं. म्हणाल्या, "ताई, मला दुसरी द्या. आई गेल्यावर सकाळी घरात आवाज म्हणून तेवढाच आहे हो."

दुसरी द्यायची तर घाई होती. बिनराणीची पेटी फार दिवस तशीच राहिली की कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, आणि त्यांच्या अंड्यांतून निघतात ते नुसते नर. कमावणारं कुणी नाही, सगळे खाणारे. मग त्या नवी राणीही घेत नाहीत आणि पेटी हळूहळू संपते. बाईंच्या पेटीचे दिवस भरत आले होते. आणि माझ्याकडे राणी उरली होती एकच. शेवटच्या खेपेतल्या बाकीच्या कुमारी राण्या नराच्या भेटीला उडाल्या त्या परत आल्याच नाहीत, तारेवर बसलेल्या वेड्या राघूंनी टिपल्या. वेडा राघू म्हणतात त्याला, पण मधमाश्या खाण्यात त्याच्याइतका शहाणा पक्षी मी बघितला नाही. यंदा पुन्हा राण्या करायच्या तर पावसाळा संपेपर्यंत थांबावं लागणार होतं.

म्हणजे एक राणी, एक पेटी आणि माझा अंगठा. बाईंना सांगितलं, उद्या सकाळी या.

घरी आल्यावर मी ताटलीत पोहे घेऊन बसले. एकेक पोहा अंगठा आणि बोटात धरायचा, उचलायचा, न मोडता दुसऱ्या ताटलीत ठेवायचा. पोहा हातात आला की त्याचं टोक थरथरायचं. चार उचलले, दोन मोडले. हे आत आले, ताटलीत डोकावले आणि म्हणाले, "पोहे निवडतेस का?" मी म्हटलं, हो. "खडे बरेच दिसतात," म्हणाले आणि बाहेर गेले. मला त्यांचा रागच आला. पिशवीवर स्वच्छ निवडलेले असं छापलेलं होतं.

इथे मागच्या थंडीतल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. राणी गर्दीत सापडावी म्हणून मी तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावते, या हंगामात लाल. तर एकदा पेटी उघडली आणि एका नराच्या पाठीवर पिवळा ठिपका. पुढच्या आठवड्यात आणखी चार. नराला कोण कशाला रंगवेल? शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं काम म्हणून मी त्यांना यथेच्छ झापलं, आणि ती बिचारी आम्ही नाही हो, आम्ही नाही हो करत राहिली. त्याच सुमारास ह्यांचा डोळा सुजला. रांजणवाडी झाली म्हणाले. मी रोज लवंग उगाळून लावायची आणि ते गपचूप लावून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी परब बाई आल्या त्या रिकामे हात पुढे करूनच. "बघा, पेढा नाही, कुंकू नाही, डोक्याला तेलसुद्धा नाही." मी हात नुसत्या पाण्याने धुतले, पेटीतल्या मेणाचा तुकडा बोटांवर चोळला आणि ती उरलेली राणी ठेवलेली छोटी पेटी उघडली. दुसऱ्याच चौकटीवर राणी होती, लाल ठिपका स्पष्ट. चांगली लांबट, पोट भरलेलं, तिची चाल बघूनच कळत होतं की ही घर चालवणारी आहे.

सातेरीची राणी चंचल असते, तिच्यामागे बोट घेऊन धावायचं नसतं. ती मोकळ्या जागी येईपर्यंत थांबायचं आणि मागून धरायचं. मी थांबले. ती आली. मी बोटं नेली आणि अंगठा सुरू झाला. तिच्या पंखाला लागायच्या आधीच मी हात मागे घेतला. दुसऱ्यांदा नेला तर अंगठा चौकटीच्या लाकडावर आपटला, माश्या खवळल्या, राणी पलीकडे पळाली. खिडकीतून आवाज आला नाही. एरवी एवढ्यात दहा सूचना आल्या असत्या. बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग पटकन शेवग्याकडे बघायला लागल्या. बाईंना कळलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तिसऱ्यांदा हात घातला असता तर एकतर राणी गेली असती नाहीतर तिचा पाय, आणि तरीही मी घालणारच होते, कारण थांबले तर का थांबले ते सांगावं लागलं असतं.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. हे बाहेर आले. डोक्यावर हेल्मेट नाही, टॉवेल नाही, अंगात अर्ध्या बाह्यांचा बनियन. हात ओले होते. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सरक जरा."

"अहो, माश्या खवळल्यात."

"दिसतंय. चौकट धर तू. दोन्ही हातांनी."

मी चौकट दोन्ही हातांनी धरली. दोन्ही हातांनी धरली की माझा अंगठा हलत नाही. ते वाकले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते आणि ओठ घट्ट मिटलेले. घाबरलेच होते ते, नेहमीइतकेच घाबरले होते. राणी वरच्या कोपऱ्यात फिरली, खाली आली, पोळ्याच्या एका रिकाम्या घरात डोकं घालून थांबली. त्यांनी मागून दोन बोटं नेली, आमच्या घरात फ्यूजची बारीक तार उचलतात तशी, आणि दोन्ही पंख एकत्र धरून तिला अलगद वर घेतलं. पोटाला कुठेही स्पर्श नाही. सहाही पाय मोकळे, हवेत चालत होते. खिशातला पिंजरा डाव्या हातात आधीच तयार होता. डोकं तोंडाशी नेलं, ती स्वतःच वर चढून आत गेली, त्यांनी अंगठ्याने तोंड झाकलं. मग मधात तोंड घालून बसलेल्या तरण्या माश्या एकेक करून पंखाला धरून आत सोडल्या. एकीने त्यांच्या मनगटावर नांगी मारली. ते "आई गं" म्हणाले, पण हात हलला नाही. बूच बसवलं, पिंजरा बाईंच्या हातात दिला आणि मग मटकन पायरीवर बसले.

मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"तूच तर सगळ्यांना सांगतेस. आधी नरावर हात बसवा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोर्डावरच्या तारांना खुणा करायची त्यांची पिवळ्या रंगाची डबी आमच्याच कपाटात असते.

"ते ठिपके तुमचे?"

"मी धरलेला नर दुसऱ्या दिवशी जित्ता राहतो का मरतो, ते कळायला नको? सुरुवातीला मरायचे. नंतर राहायला लागले."

"आणि रांजणवाडी?"

"तुझी लवंग फार झोंबते वं," म्हणाले.

मी बाजारात जायची तेव्हा हा माणूस एकटा मागे जाऊन, हेल्मेट काढून, पेटी उघडून नर धरत बसायचा. हेल्मेटच्या काचेतून बारीक दिसत नाही म्हणून काढायचं, असं नंतर कळलं. किती दिवस चाललं होतं हे, मी विचारलं. ते मनगटावरची नांगी नखाने खरवडून काढत होते, वर न बघता म्हणाले, "तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस तेव्हापासून."

परब बाई तिथे उभ्या होत्या म्हणून, नाहीतर मी रडले असते. तरी थोडी रडलेच. बाईंनी माश्या शांत करायला करतात तो धूर डोळ्यात गेला असं मानून घेतलं, धूर केलेला नसताना. शिक्षक माणसं काही वेळा फार चांगली असतात.

बाईंच्या पेटीत पिंजरा अडकवायला मी गेले. त्यांना ताकीद दिली की चहा लांब बसून प्यायचा. तीन दिवसांनी बघितलं तर जाळीवरच्या माश्या बोटाने सारल्या की सहज बाजूला होत होत्या. जाळीला दात लावून चिकटल्या असतील तर समजावं की राणी पसंत नाही; अशा सैल फिरत असतील तर तिला भरवताहेत. आणखी आठवड्याने पोळ्याच्या घराघरांत अंडी दिसली, एका घरात एकच, तळाशी मधोमध. पेटीचा आवाजही परत पहिल्यासारखा झाला. बाई डबाभर पेढे घेऊन आल्या आणि ह्यांच्या हातात दिले. या वेळी पेढा योग्य तोंडात गेला.

आता धंदा आम्ही असा करतो. शिकवायचं मी, चौकट धरायची मी, राणी धरायची त्यांनी. कॉलेजच्या पोरांची मी माफी मागितली, त्यांनी माझ्यासमोरच ह्यांना पिवळे काका असं नाव ठेवलं. कपडे वाळत घालायला मात्र हेल्मेट अजून लागतं. मी म्हटलं, राणी हातात घेता, मग आता हे कशाला? तर म्हणाले, राणी चावत नाही याची तू हमी दिलीस, बाकीच्यांची कुठे दिलीस.

सकाळचा चहा तेच करतात. माझा कप काठोकाठ भरून देतात, अर्धा द्या म्हटलं तरी ऐकत नाहीत. "सांडला तर सांडला, दोन्ही हातांनी धर," म्हणतात. परवा परब बाई आल्या होत्या, शेजारच्या बेनही होत्या. मी सगळ्यांच्या समोर कप दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश प्याले.